डीएसओला आयपी पत्ता कोणी द्यायचा? प्रयोगशाळेतील उपकरणांची लॅन जोडणी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात एका टेबलावर डीएसओ (विद्युत संकेताचा आलेख पडद्यावर दाखवणारा डिजिटल ऑसिलोस्कोप), फंक्शन जनरेटर, बेंच मल्टिमीटर आणि प्रोग्रॅमेबल पॉवर सप्लाय अशी चार उपकरणे आहेत. चारही लॅन केबलने भिंतीवरच्या पॉइंटमधून कॅम्पसच्या नेटवर्कला जोडलेली आहेत आणि विद्यार्थी पायथनमधल्या प्रोग्रॅममधून त्यांची मापने घेतात. तक्रारी तीन आहेत. सोमवारी येऊन पाहावे तर उपकरणांचे आयपी पत्ते बदललेले असतात. लाईट जाऊन आली की डीएसओच्या पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा भलताच पत्ता दिसतो. आणि कधीकधी ब्राउझरमध्ये डीएसओचे पान नीट उघडते, पण प्रोग्रॅम मात्र टाइमआउट दाखवून थांबतो. ‘लॅन सेटिंगमध्ये नेमके कोणते आकडे भरावेत?’ असे आपण विचारले आहे.

आकडे सांगतोच; परंतु त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागेल, ती म्हणजे या चार उपकरणांना पत्ते देण्याचा अधिकार कोणाकडे राहणार. आपल्या पहिल्या दोन तक्रारींचे मूळ तिथेच आहे. आज हा अधिकार कॅम्पसच्या डीएचसीपी सर्व्हरकडे (नेटवर्कवर आलेल्या प्रत्येक यंत्राला आपोआप पत्ता वाटणाऱ्या संगणकाकडे) आहे, आणि त्या सर्व्हरला आपला डीएसओ आणि एखाद्या विद्यार्थ्याचा लॅपटॉप यांत काहीही फरक दिसत नाही.

डीएचसीपी पत्ता कायमचा देत नाही, मुदतीवर देतो. मुदतीचा अर्धा काळ उलटला की उपकरण ती वाढवून मागते. तेव्हा उत्तर मिळाले नाही तर साडेसत्त्याऐंशी टक्के काळ संपल्यावर पुन्हा, या वेळी कोणत्याही सर्व्हरकडे, मागणी करते. हे सगळे अर्थातच उपकरण चालू असेल तर. शनिवारी दुपारी आपण मेन स्विच बंद करता, मुदत समजा चोवीस तासांची असते, ती रविवारी संपते, आणि सोमवारी सकाळी वर्गात शिरलेल्या लॅपटॉपपैकी एखाद्याला तो मोकळा झालेला पत्ता मिळून जातो. डीएसओ सुरू होतो तेव्हा त्याच्या वाट्याला दुसरा पत्ता येतो. यात बिघाड कुठेच नाही. यंत्रणा जशी चालायला हवी तशीच चालली आहे, फक्त ती मापन उपकरणांसाठी योजलेली नाही.

१६९.२५४ चा प्रकार निराळा आहे. पत्ता मागूनही कोणीच उत्तर दिले नाही की उपकरण १६९.२५४.०.० या राखीव पट्ट्यातला एक पत्ता स्वतःच निवडते, तो दुसऱ्या कोणाकडे नाही ना हे तपासते आणि तो वापरू लागते. ही पद्धत २००५ साली प्रमाणित झाली आणि मेन्यूमध्ये ती बहुधा ‘ऑटो आयपी’ या नावाने दिसते. म्हणजे पडद्यावर तो पत्ता दिसणे हे डीएसओ बिघडल्याचे लक्षण नसून ‘केबलमध्ये जीव आहे, पण पत्ता देणारा भेटला नाही’ असा त्याचा निरोप आहे. (हा निरोप खरे तर फार मोलाचा आहे, पडद्यावर नुसते ०.०.०.० आले असते तर आपल्याला केबलपासून शोध घ्यावा लागला असता.)

मग लाईट आल्यावरच असे का व्हावे? कारण वीज एकाच क्षणी सगळ्यांची येते, पण सगळे एकाच वेळी जागे होत नाहीत. साधा मल्टिमीटर काही सेकंदांत तयार होतो आणि पत्ता मागू लागतो. मजल्यावरचा व्यवस्थापित स्विच मात्र आधी स्वतः बूट होतो, आणि त्यानंतर नेटवर्कमध्ये कुठे वर्तुळ तर तयार झाले नाही ना हे पाहण्यासाठी प्रत्येक पोर्ट काही काळ अडवून धरतो. या स्पॅनिंग ट्री पद्धतीच्या मूळ रूपात पंधरा सेकंद ऐकण्याचे आणि पंधरा सेकंद शिकण्याचे, असे तीस सेकंद जातात. तेवढ्या काळात पोर्टवरचा हिरवा दिवा लागलेला असतो, केबल पक्की असते, पण उपकरणाने पाठवलेली एकही मागणी पुढे सरकत नाही. काही उपकरणे नंतरही मागणी करत राहतात आणि मिनिट-दोन मिनिटांत योग्य पत्ता घेतात. काही मात्र स्वतः निवडलेल्या पत्त्यावर बराच वेळ समाधान मानतात. डीएसओची केबल काढून पुन्हा लावल्यावर तो ‘सुधारतो’ असे आपण लिहिले आहे, त्याचे कारण हेच आहे. आयटी विभागाला सांगून आपल्या पॉइंटचे पोर्ट ‘पोर्टफास्ट’ किंवा ‘एज पोर्ट’ म्हणून नोंदवून घेतले तर हे तीस सेकंद वाचतात. स्विच यूपीएसवर असेल तर त्याच्या बूट होण्याचा वेळही वाचतो.

आता अधिकार कोणाकडे द्यावा याचे दोन चांगले मार्ग आहेत आणि एक वाईट.

पहिला चांगला मार्ग म्हणजे डीएचसीपी आरक्षण. प्रत्येक उपकरणाला कारखान्यातच दिलेला मॅक पत्ता असतो. तो मागच्या पट्टीवरील स्टिकरवर किंवा लॅन स्टेटसच्या पानावर सहा जोड्यांत लिहिलेला सापडतो. चारही मॅक पत्ते आयटी विभागाला लेखी द्यावेत आणि प्रत्येकासाठी एक आयपी पत्ता राखून घ्यावा. उपकरणावर काहीच भरायचे नाही, डीएचसीपी चालूच ठेवायचे. मास्क (पत्त्याचा किती भाग आपल्या नेटवर्कचा हे सांगणारा आकडा), गेटवे (दुसऱ्या नेटवर्ककडे जाण्याचे दार), डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) सगळे सर्व्हरकडून येते. उद्या कॅम्पसची मांडणी बदलली तरी उपकरणाला हात लावावा लागत नाही. एक खबरदारी मात्र घ्यावी: उपकरण दुरुस्तीला गेले आणि त्याचा मुख्य बोर्ड बदलला तर मॅक पत्ता बदलू शकतो, आणि मग आरक्षण असूनही भलता पत्ता येतो. सर्व्हिसहून परत आलेल्या उपकरणाचा मॅक पत्ता म्हणूनच पुन्हा वाचून घ्यावा.

दुसरा मार्ग मला अध्यापन प्रयोगशाळेसाठी अधिक पसंत आहे: टेबलाचे स्वतःचे छोटे नेटवर्क. आठ पोर्टचा साधा, व्यवस्थापन नसलेला स्विच घ्यावा, चारही उपकरणे त्याला जोडावीत आणि संगणकात दुसरे लॅन कार्ड किंवा यूएसबीला लावायचा इथरनेट अ‍ॅडॉप्टर बसवून तोही त्याच स्विचला जोडावा. संगणकाचे पहिले कार्ड कॅम्पसकडे, दुसरे टेबलाकडे. टेबलाच्या स्विचची केबल भिंतीच्या पॉइंटला लावायची नाही, ही अट कडक पाळावी.

या मांडणीत स्थिर पत्ते द्यायला हरकत नाही, कारण पत्ते वाटणारा दुसरा कोणीच नाही. संगणकाच्या दुसऱ्या कार्डाला १९२.१६८.७७.१ द्यावा, डीएसओला १९२.१६८.७७.११, फंक्शन जनरेटरला शेवटचा आकडा १२, मल्टिमीटरला १३ आणि पॉवर सप्लायला १४. सर्वांचा मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे कोणालाच नाही. रकाना रिकामा ठेवता येत नसेल तर ०.०.०.० भरावे. डीएनएसही रिकामे. संगणकाच्या दुसऱ्या कार्डावर गेटवे चुकूनही भरू नये, कारण एकाच संगणकावर दोन गेटवे झाले की इंटरनेटची वाहतूक कधी इकडे कधी तिकडे जाऊ लागते आणि विद्यार्थी ‘नेट चालत नाही’ म्हणून तक्रार घेऊन येतात.

तिसरा आकडा ७७ का, असा प्रश्न पडेल. त्यात विशेष काही नाही. फक्त तो ० किंवा १ नसावा. बाजारातले बहुतेक घरगुती राउटर १९२.१६८.०  किंवा १९२.१६८.१ याच मालिका वाटतात, आणि संगणकाच्या दोन्ही कार्डांवर एकच मालिका आली की १९२.१६८.१.११ कडे जायचे पाकीट कोणत्या कार्डातून सोडावे हे संगणकाला ठरवता येत नाही. कॅम्पसची मालिका कोणती आहे हे विचारून घ्यावे आणि तिच्याशी न जुळणारी निवडावी.

वाईट मार्ग म्हणजे कॅम्पसच्या नेटवर्कवर, कोणालाही न विचारता, उपकरणात स्थिर पत्ता टाकून देणे. डीएचसीपीने आज दिलेला पत्ता तसाच ‘मॅन्युअल’ करून ठेवण्याची युक्ती अनेक प्रयोगशाळांत चालते. सर्व्हरच्या वहीत तो पत्ता काही काळाने मोकळा म्हणून नोंदला जातो, तो दुसऱ्याला दिला जातो, आणि एका पत्त्याचे दोन धनी होतात. मग मापने चालू असताना मध्येच जोडणी तुटते, दहा मिनिटांनी आपोआप येते, आणि दोष केबलवर, प्रोग्रॅमवर, शेवटी डीएसओवर ढकलला जातो. स्थिर पत्ता कॅम्पसवर हवाच असेल तर तो सर्व्हर वाटत असलेल्या पट्ट्याच्या बाहेरचा आणि आयटी विभागाने नोंद करून दिलेला असावा.

कॅम्पसवरच्या स्थिर पत्त्यात आणखी एक खोड असते, ती सबनेट मास्कची. हा आकडा बहुतेक जण सवयीने भरतात, म्हणून जरा जवळून पाहू. समजा, कॅम्पसचा मास्क २५५.२५५.२५२.० आहे आणि आपला विभाग १०.२०.४.० ते १०.२०.७.२५५ या पट्ट्यात येतो. डीएसओला कोणीतरी १०.२०.५.४० हा पत्ता दिला, पण मास्कच्या रकान्यात सवयीने २५५.२५५.२५५.० लिहिले आणि गेटवे रिकामा ठेवला. आता १०.२०.५.६२ या संगणकावरून सगळे सुरळीत चालते. शेजारच्या खोलीतल्या १०.२०.७.१५ वरून मात्र काहीच होत नाही. त्या संगणकाचा मास्क डीएचसीपीकडून आलेला, म्हणजे बरोबर आहे. तो डीएसओला आपल्याच नेटवर्कमधला समजून थेट हाक मारतो आणि ती हाक पोहोचतेही. उत्तर देताना डीएसओ पत्त्याचे पहिले तीन आकडे जुळवून पाहतो, ५ आणि ७ जुळत नाहीत, म्हणून तो समोरच्याला परक्या नेटवर्कमधला ठरवतो आणि उत्तर गेटवेकडे द्यायला निघतो. गेटवे तर भरलेलाच नाही. उत्तर तिथेच संपते. गेटवे भरायला जावे तर तो १०.२०.४.१ असतो, तोही या चुकीच्या मास्कच्या बाहेर पडतो आणि उपकरण ‘अवैध गेटवे’ म्हणून नाकारते. असा नकार आला की गेटवेवर शंका न घेता मास्क तपासावा.

पत्ता लिहिण्याची एक बारीक पण त्रासदायक बाब सांगून ठेवतो. काही जुन्या उपकरणांच्या पडद्यावर प्रत्येक गट तीन अंकी दिसतो: १९२.१६८.०७७.०११. पडद्यावर ते ठीक आहे; पण ते जसेच्या तसे प्रोग्रॅममध्ये किंवा पिंगच्या (समोरचे यंत्र उत्तर देते का हे पाहणाऱ्या) आज्ञेत उतरवू नये. अनेक संगणक प्रणाली शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान पद्धतीतला समजतात. त्या हिशेबाने ०७७ म्हणजे ६३ आणि ०११ म्हणजे ९ होतात, आणि आपली हाक १९२.१६८.६३.९ या भलत्याच पत्त्याकडे जाते. पत्ता डोळ्यांना बरोबर दिसत असतो, त्यामुळे ही चूक सापडायला फार वेळ लागतो. काही उपकरणांना स्वतःच्या कीपॅडवर भरलेली पुढची शून्येही अशीच वाचायची सवय असते. पुढची शून्ये कुठेही लिहू नयेत.

सेटिंग भरल्यावर ‘अप्लाय’ किंवा ‘सेव्ह’ दाबल्याशिवाय ते लागू होत नाही, आणि काही उपकरणे बंद करून पुन्हा चालू केल्यावरच नवा पत्ता घेतात. पडद्याच्या कोपऱ्यातले लॅनचे चिन्ह पाहण्याची सवय ठेवावी. आपला डीएसओ एलएक्सआय (लॅनने जोडायच्या मापन उपकरणांच्या) मानकाचा आहे; त्या उपकरणांवर लॅनची स्थिती दाखवणारा दिवा किंवा चिन्ह असतेच, आणि केबल निघाली, पत्त्यांची टक्कर झाली किंवा डीएचसीपीची मुदत वाढवून मिळाली नाही तर ते दोष दाखवते. त्याच मानकात ‘लॅन रीसेट’ची सोयही सक्तीची आहे. ती कामाची आहे, पण ती दाबली की डीएचसीपी चालू होते, ऑटो आयपी आणि पिंग चालू होतात, वेबपानाचा पासवर्ड कारखान्यातल्या मूळ स्थितीवर जातो आणि आपण भरलेला स्थिर पत्ता पुसला जातो. विद्यार्थी ‘काहीच चालत नाही’ म्हणून ती दाबतात आणि पुढच्या तुकडीला उपकरण सापडत नाही. टेबलावर पत्त्याची चिठ्ठी चिकटवताना ‘लॅन रीसेट दाबू नये’ हेही लिहावे.

आता तिसरी तक्रार. ब्राउझरमध्ये पान उघडते, म्हणजे केबल, पत्ता आणि मास्क यांची चौकशी संपली; ते सगळे ठीक आहे. ब्राउझर उपकरणाच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर (इथे पोर्ट म्हणजे केबलची जागा नव्हे, तर उपकरणातल्या सॉफ्टवेअरचे क्रमांक दिलेले दार) बोलतो, आपला प्रोग्रॅम मात्र दुसऱ्याच दारावर उभा असतो. ही दारे तीन प्रकारची आहेत. १९९५ च्या सुमाराची व्हीएक्सआय-११ पद्धत आधी १११ क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन ‘मुख्य काम कोणत्या पोर्टवर चालते’ हे विचारते आणि मग त्या, दर वेळी बदलू शकणाऱ्या, पोर्टवर जाते. त्यामुळे मध्ये फायरवॉल असेल तर एकट्या १११ ला परवानगी देऊन भागत नाही. २०१० मध्ये आलेली हायस्लिप पद्धत सगळे काम ४८८० या एकाच पोर्टवर करते आणि अधिक वेगवान आहे. उपकरण ती जाणत असेल तर तीच वापरावी. तिसरा प्रकार थेट सॉकेटचा, म्हणजे अशा खास पद्धतीशिवाय सरळ पोर्टवर आज्ञेचा मजकूर पाठवण्याचा, आणि त्यात पोर्ट क्रमांक कंपनीगणिक बदलतो. कीसाइट आणि रोहडे अँड श्वार्झ यांच्या उपकरणांत तो सहसा ५०२५ असतो, रिगोलच्या डीएसओत ५५५५, टेक्ट्रॉनिक्सच्या बऱ्याच डीएसओत ४०००. एका कंपनीच्या उपकरणासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कंपनीच्या उपकरणावर नुसता पत्ता बदलून चालवला की नेमका टाइमआउट येतो, तो बहुधा इथे.

सॉकेटवर दुसरी अडचण ओळीच्या शेवटाची. सर्वांत साधी आज्ञा म्हणजे ओळख विचारणारी: तारांकन, आयडीएन ही तीन अक्षरे आणि प्रश्नचिन्ह. उपकरण उत्तरादाखल निर्माता, मॉडेल, अनुक्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती अशी चार माहिती स्वल्पविरामांनी तोडून देते. व्हीएक्सआय-११ आणि हायस्लिप या दोन्हींत ‘आज्ञा संपली’ ही खूण वाहतुकीतच अंगभूत असते. नुसत्या सॉकेटवर ती नसते. आज्ञेच्या शेवटी नवी ओळ सुरू करणारे चिन्ह पाठवले नाही तर उपकरण आज्ञा अजून संपायची आहे असे समजून थांबून राहते. इकडे प्रोग्रॅम उत्तराची वाट पाहत असतो, तिकडे उपकरण उरलेल्या आज्ञेची. पायव्हिसा (पायथनमधून उपकरणांशी बोलण्याची लायब्ररी) वापरत असाल तर लिहिण्याचे आणि वाचण्याचे समाप्तिचिन्ह दोन्ही स्पष्ट नेमून द्यावे.

पण वाचण्याचे समाप्तिचिन्ह डीएसओकडून तरंगरूप घेताना उलटते. तरंगरूपाची माहिती द्विमान गठ्ठ्यात येते: आधी हॅशचे चिन्ह, मग एक अंक, तो पुढच्या लांबीत किती अंक आहेत हे सांगतो, मग ती लांबी, आणि मग तितक्या बाइट. या बाइटपैकी एखाद्याचे मूल्य १० असले, आणि हजारो नमुन्यांत ते असतेच, तर प्रोग्रॅम त्याला ओळीचा शेवट समजून तिथेच वाचन थांबवतो. आलेख अर्धवट येतो, उरलेल्या बाइट रांगेत पडून राहतात आणि पुढच्या आज्ञेचे उत्तर म्हणून डोके वर काढतात. ‘पहिला आलेख अर्धा येतो आणि नंतर सगळी उत्तरे असंबद्ध येतात’ असे आपल्या पत्रातले वर्णन याच्याशी तंतोतंत जुळते. यावर इलाज म्हणजे गठ्ठा लांबी पाहून वाचणे. पायव्हिसात द्विमान मूल्ये वाचण्याची स्वतंत्र सोय आहे, पण सॉकेटवर ती वापरताना समाप्तिचिन्ह तेवढ्यापुरते बंद ठेवावे. हायस्लिपवर हा प्रश्न सहसा येत नाही, हेही तिच्या बाजूचे एक कारण.

टाइमआउटची मर्यादाही तपासावी. पायव्हिसात ती न सांगितल्यास दोन सेकंद असते. एक कोटी नमुने, प्रत्येकी एक बाइट, म्हणजे आठ कोटी बिट. शंभर मेगाबिटच्या पोर्टवर कागदोपत्रीच जवळजवळ एक सेकंद जातो, आणि प्रत्यक्षात उपकरणाचा प्रोसेसर त्याहून बराच संथ असतो. नेटवर्क उत्तम असूनही दोन सेकंदांत काम होत नाही. मर्यादा वीस-तीस सेकंदांवर न्यावी, किंवा त्याहून शहाणपणाचे म्हणजे लागतील तेवढेच नमुने मागावेत.

याखेरीज एक कारण वर्गात नेहमी घडते. अनेक उपकरणे एका वेळी मोजक्याच सॉकेट जोडण्या स्वीकारतात, काही तर एकच. विद्यार्थ्याने प्रोग्रॅम मध्येच तोडला आणि जोडणी बंद करणारी ओळ चाललीच नाही, तर उपकरणाच्या लेखी जुनी जोडणी अजून जिवंत असते आणि नव्याला दार उघडत नाही. ब्राउझरचे पान मात्र उघडते, कारण त्याचा मार्ग वेगळा आहे. प्रोग्रॅममध्ये चूक झाली तरी जोडणी बंद होईल अशी रचना ठेवावी; पायथनमध्ये ती दोन ओळींची आहे.

शोध घेताना क्रम पाळला तर वेळ वाचतो. आधी पोर्टवरचे दिवे पाहावेत. दिवाच लागत नसेल आणि उपकरण जुने असून संगणकाला थेट जोडलेले असेल, तर ती केबल सरळ आहे की क्रॉस हे पाहावे. दोन्हीकडे जुने पोर्ट असतील तर सरळ केबलने थेट जोडणी होत नाही, मध्ये स्विच घातला की होते. मग संगणकावरून पिंग करावे. उत्तर आले नाही तर लगेच संगणकाचा एआरपी तक्ता (कोणत्या आयपी पत्त्यामागे कोणता मॅक पत्ता आहे याची नोंद) उघडावा. तिथे त्या आयपी पत्त्यासमोर उपकरणाच्या स्टिकरवरचाच मॅक पत्ता दिसला, तर उपकरण जिवंत आहे आणि वर सांगितलेली मास्कची खोड असू शकते किंवा पिंगचे उत्तर बंद केलेले असू शकते. वेगळाच मॅक पत्ता दिसला, तर पत्त्याचा दुसरा धनी सापडला. काहीच दिसले नाही, तर केबल, पोर्ट किंवा मालिका यांपैकी काहीतरी चुकले आहे. पिंगनंतर ब्राउझर, आणि शेवटी ओळखीची आज्ञा. सॉफ्टवेअरमधल्या ‘उपकरणे शोधा’ या बटणावर मात्र विसंबू नये. टेबलाच्या छोट्या नेटवर्कला विंडोज ‘अनोळखी’ ठरवून सार्वजनिक वर्गात टाकते आणि शोधाला आलेली उत्तरे फायरवॉलमध्ये अडवते. यादी रिकामी दिसते, पण तोच पत्ता हाताने लिहिला की जोडणी होते. ते कार्ड ‘खासगी’ म्हणून नोंदवावे.

सारख्याच मॉडेलचे आठ-दहा डीएसओ असतील, तर कोणता पत्ता कोणत्या टेबलाचा हे शोधण्यासाठी वेबपानावरचे ‘आयडेंटिफाय’ बटण दाबावे. त्या उपकरणाचे लॅनचे चिन्ह लुकलुकू लागते. प्रोग्रॅमनेही सुरुवातीला ओळखीच्या उत्तरातला अनुक्रमांक अपेक्षित अनुक्रमांकाशी ताडून पाहावा आणि जुळला नाही तर पुढे जाऊ नये. पॉवर सप्लायच्या बाबतीत तर हे मी सक्तीचे मानतो. पाच व्होल्टच्या सर्किटला शेजारच्या टेबलावरून बारा व्होल्ट गेले, तर ते कोणत्या पत्त्यावरून आले याचा शोध नंतर घेण्यात अर्थ नसतो.

याच कारणासाठी उपकरणे उघड्या कॅम्पस नेटवर्कवर ठेवणे मला रुचत नाही. व्हीएक्सआय-११ असो वा थेट सॉकेट, तिथे पासवर्ड विचारला जात नाही. ज्याला पत्ता आणि पोर्ट माहीत, तो आउटपुट चालू करू शकतो. वेबपानाचा पासवर्ड बदलला तरी हे दार उघडेच राहते. घरून मापने घेण्यासाठी राउटरवर ५०२५ पोर्ट बाहेर उघडून देणे तर कदापि करू नये. टेबलाच्या संगणकापर्यंत महाविद्यालयाच्या व्हीपीएनमधून यावे आणि तिथून उपकरणांशी बोलावे. आपल्याकडे आतमध्ये विंडोज असलेला एखादा जुना मोठा डीएसओ असेल, तर त्याच्या बाबतीत अधिक सावध राहावे. त्याची लॅन सेटिंग उपकरणाच्या मेन्यूत नसून विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये असते, आणि तो आतून एक साधा संगणकच असतो. विंडोज एक्सपीची सुरक्षा दुरुस्ती एप्रिल २०१४ मध्ये आणि विंडोज ७ ची जानेवारी २०२० मध्ये थांबली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय पसरले ते अशाच दुरुस्ती न झालेल्या यंत्रांतून, आणि नेटवर्कवर असण्यापलीकडे त्यांना काहीच करावे लागले नव्हते. अशा डीएसओला टेबलाच्या छोट्या नेटवर्कबाहेर जाऊ देऊ नये, आणि त्याच्यावरून पेन ड्राइव्हही विचार करूनच फिरवावा.

वायफाय डोंगल लावता येईल का, हेही आपण विचारले होते. लावता येते, पण अनेक कॅम्पसच्या वायफायवर एका ग्राहकाला दुसरा दिसू नये अशी व्यवस्था असते, शिवाय लॉगिनचे पान उघडून नाव-पासवर्ड भरणे उपकरणाला जमत नाही. टेबल एका जागी आहे, उपकरणे एका जागी आहेत. दीड मीटरच्या चार पॅच कॉर्ड पुरतात.

हे सगळे करूनही अडले, तर पुन्हा लिहिताना तीन गोष्टी सोबत द्याव्यात: डीएसओच्या लॅन स्टेटस पानाचा फोटो, संगणकावर आयपीकॉन्फिगची आज्ञा दिल्यावर दोन्ही कार्डांसाठी येणारी पूर्ण माहिती, आणि अयशस्वी पिंगनंतर लगेच घेतलेला एआरपी तक्ता. प्रोग्रॅमची तक्रार असेल तर जोडणी उघडणाऱ्या ओळीही द्याव्यात. त्यात शेवटी ‘इन्स्ट्र’ (व्हीएक्सआय-११ किंवा हायस्लिप) आहे की ‘सॉकेट’ (थेट सॉकेट), यावरून पुढची चौकशी कुठून सुरू करायची ते ठरेल.